खाडीकाठची सावळी नायिका: कुमारवयीनांसाठी अद्भुत कादंबरी लिहिताना

अद्भुत कादंबऱ्यांच्या नव्या हस्तलिखितांत एक प्रसंग वारंवार भेटतो. पंधरा-सोळा वर्षांची काळीसावळी मुलगी वर्गात किंवा लग्नघरात रंगावरून हिणवली जाते, त्याच रात्री तिच्या तळहातातून प्रकाश फुटतो आणि ज्यांनी हिणवले ते तोंडात बोटे घालतात. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो. परंतु वाचणाऱ्या मुलीपर्यंत पोहोचते ते भलतेच, की काळ्या मुलीला माणसांत गणले जायचे असेल तर तिने आधी चमत्कार करून दाखवावा. म्हणून बारा ते अठरा या वयाच्या वाचकांसाठी अशी कादंबरी लिहायला घेणाऱ्याने पहिला निर्णय हा घ्यावा, की नायिकेची शक्ती ही तिच्या रंगाची भरपाई असणार नाही. ती शक्ती तिच्या गावातून, पाण्यातून आणि हातच्या कामातून आलेली असावी, तिला नियम असावेत आणि ती वापरण्याची किंमत मोजावी लागावी.

पुढील उदाहरणे ठाणे आणि नवी मुंबईची आहेत. खाडी, मिठागरे, डोंगर, आदिवासी पाडे, कोळीवाडे, शिलाहारांच्या काळाचा वारसा आणि काचेच्या इमारती लोकलने सहज ओलांडता येईल एवढ्या टापूत एकवटलेला मुलूख अद्भुतकथेला वारंवार मिळत नाही. तरीही इथेच वाढलेले अनेक नवे लेखक आपली कथा बर्फाच्छादित किल्ल्यांत आणि ओक वृक्षांच्या जंगलात नेऊन ठेवतात, हे थोडे नवलाचेच आहे.

रंगाचे वर्णन

नायिकेला पहिल्याच प्रकरणात आरशासमोर उभे करून तिच्याकडून तिचेच वर्णन वदवून घेणे टाळावे. त्याहून कटाक्षाने टाळावे ते ‘सावळी असली तरी नाकीडोळी नीटस’ हे घराघरांत मुरलेले वाक्य आणि त्याची सारी भावंडे. त्यातले ‘तरी’ रंगाला आधी दोष ठरवते आणि मग उदारपणे माफ करते. रंग सांगायचा तर सरळ सांगावा, एकदा सांगावा, आणि इतर पात्रांचाही सांगावा. कारण केवळ नायिकेचाच रंग नोंदला गेला, तर बाकी सारे गोरे आहेत असे वाचक आपोआप गृहीत धरतो. कॉफी, चॉकलेट, गूळ असल्या खाद्यपदार्थांच्या उपमांची तर अजिबात गरज नाही. खाजणातला चिखल वाळल्यावर काळ्या पोटरीवर उमटणारा पांढुरका थर, किंवा भर उन्हात होडीत बसून आल्यावर मनगटावर घड्याळाच्या जागी राहिलेला फिका पट्टा, हे तपशील रंगही सांगतात आणि मुलगी काय काम करते तेही सांगतात.

हिणवण्याचा प्रसंग लिहायचाच असेल, तर तो उघड शिवीपेक्षा सौजन्यातून अधिक झोंबतो. नमुन्यादाखल हा उतारा पाहावा.

‘स्टुडिओतल्या दादांनी पाकीट काउंटरवर ठेवले. आठ फोटो, आठही एकसारखे. मानसीने त्यातला एक दाराशी नेऊन उजेडात धरला. गालावरचा तीळ गेला होता. भुवईतली लहानपणची खोकही बुजली होती. “थोडा उजळ केलाय,” दादा म्हणाले, “त्याचे वेगळे पैसे नाहीत घेतले.” आईने पर्समधून पैसे काढता काढता फोटोकडे पाहिले आणि म्हणाली, “छान आलाय.”’

इथे एकही माणूस दुष्ट नाही, मुलीचा रंग कोणता हे कुठेही लिहिलेले नाही, आणि तरीही वाचकाला सगळे कळते. अद्भुतकथेच्या दृष्टीने या उताऱ्याचा उपयोग आणखी पुढे आहे. खाडीच्या तळाशी असलेल्या दाराचा राखणदार माणसांना चेहऱ्यावरूनच ओळखतो, अशी कल्पना करावी. मानसीला आत घेण्यासाठी तिचा फोटो तिच्या आधी तिथे पोहोचतो, आणि ती प्रत्यक्ष समोर उभी राहिल्यावर राखणदार म्हणतो की ही ती नव्हे. घरगुती वाटणारा एक अपमान असा कथेतला खरा अडसर होतो, आणि तो दूर करण्यासाठी तिला तोच तीळ व तीच खोक पुरावा म्हणून दाखवावी लागते.

सावळी नायिका ही परकी कल्पना आहे असे मानण्याचे कारण नाही. महाभारतातली द्रौपदी ‘कृष्णा’ या नावानेही ओळखली जाते. खाडीकाठच्या लेखकाने तर सत्यवतीकडे अधिक लक्ष द्यावे. कोळ्यांच्या प्रमुखाच्या घरी वाढलेली, यमुनेवर नाव वल्हवणारी, मत्स्यगंधा म्हणवली गेलेली आणि ‘काली’ असेही नाव असलेली ही मुलगी. तिच्या लग्नाच्या वेळी तिच्या पित्याने घातलेल्या अटीमुळे हस्तिनापूरच्या गादीचा वारसा बदलला आणि देवव्रताचा भीष्म झाला. कॅलेंडरांवरच्या चित्रांत या दोघीही बहुधा गोऱ्यापान असतात, हा चित्रकारांचा पराक्रम.

आणखी एक सापळा खास अद्भुतकथेचाच आहे. खलनायकाची शक्ती काळी, त्याचे सैन्य अंधारातून येणारे, त्याचा किल्ला काळ्या धुक्यात, आणि नायिकेच्या बाजूचे सारे शुभ्र, तेजस्वी, उजळ, अशी मांडणी केली की नायिकेच्या रंगाबद्दल शंभर पानांत जे काही कमावले असेल ते पुसले जाते. संपूर्ण हस्तलिखितातून ‘काळा’, ‘अंधार’, ‘उजळ’, ‘तेज’ हे शब्द शोधून कोणत्या बाजूला काय पडले आहे ते एकदा तपासावे. ठाण्याच्या खाडीत ही मांडणी उलटी करणे मुळीच कृत्रिम वाटत नाही. तिवरांच्या मुळांशी साचलेला काळा गाळ हाच तिथल्या जगण्याचा पाया आहे. निवट्या आणि चिंबोऱ्या त्यातच राहतात, आणि हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी चोची उलट्या करून याच उथळ चिखलपाण्यातून आपले अन्न गाळून घेतात. या पट्ट्याला २०१५ साली रोहित पक्षी अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. अशा ठिकाणी घडणाऱ्या कथेत संकट पांढऱ्या रंगाचे असू शकते: रात्रभर न विझणारे दिव्यांचे झोत, ज्यांच्यामुळे खाडीतल्या जुन्या रहिवाशांना दिवस-रात्र कळेनाशी झाली आहे.

शक्तीचे गणित भरती-ओहोटीवर

इंग्रजीत गेल्या काही वर्षांत गाजलेल्या या प्रकारच्या कादंबऱ्यांकडून शिकण्याजोगी गोष्ट म्हणजे जादूची मुळे. टोमी अडेयेमी या नायजेरियन वंशाच्या अमेरिकन लेखिकेची २०१८ साली आलेली पहिली कादंबरी पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांच्या देवतांवर आणि शब्दांवर आपली जादू उभी करते, आणि त्यामुळे ती जादू दुसऱ्या कोणत्याही मुलखात उचलून ठेवता येत नाही. आपल्या कथेची परीक्षाही हीच आहे. नायिकेची शक्ती जशीच्या तशी साताऱ्याला किंवा लंडनला नेता येत असेल, तर तिला अजून गाव मिळालेले नाही.

दिवाळे किंवा सारसोळे गावातल्या, अथवा रेल्वेमार्गाच्या दोन्ही बाजूंना वसलेल्या ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या मुलीसाठी शक्तीचे नियम तयारच आहेत, आणि ते पंचांगात छापलेले असतात. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा ठोकताळा असा की, तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरती पूर्ण होण्याचा तास साधारण कळतो. पंचमीला पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, अष्टमीला सहा, आणि पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास, दुपारीही आणि मध्यरात्रीही. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, आणि खाडीच्या आत, ठाण्याच्या बाजूला, ती समुद्राच्या तोंडापेक्षा थोडी उशिरा पोहोचते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण येते, तर अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग असतो, म्हणजे पाणी धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही.

आता शक्ती ठरवावी. समजा, खाडीने गिळलेली कोणतीही वस्तू मानसी परत बोलावू शकते: बुडालेली होडी, पुलावरून फेकलेली अंगठी, शंभर वर्षांपूर्वी हरवलेली घंटा. उधाणाला तिची हाक तळापर्यंत जाते. भांगाच्या दिवसांत ती गुडघाभर पाण्यापलीकडे पोहोचत नाही. एवढे ठरले की कथानकाची निम्मी बांधणी आपोआप होते. खलनायकाकडेही पंचांग आहे, त्यामुळे तो अष्टमीच्या भर दुपारी, ओहोटी पूर्ण झालेली असताना येईल. दहावीचा पेपर सकाळी अकराला सुरू होतो. त्या दिवशी पौर्णिमा असेल तर परीक्षा-केंद्राच्या खिडकीतून तिला पाण्याचा आवाज वाढत जाताना ऐकू येईल आणि बाकावरून उठता येणार नाही. तिथी सांगितली की वाचकाला धोका कळतो, लेखकाला ‘आता काहीतरी भयंकर घडणार होते’ असे लिहावे लागत नाही. यासाठी भिंतीवरच्या कॅलेंडरचा एक महिना निवडून प्रत्येक प्रकरणासमोर तिथी, भरतीची वेळ आणि पाण्याची उंची लिहून ठेवावी. पहिला खर्डा होईपर्यंत हा कागद बदलू नये. अडचण आली तर पाणी सरकवण्याऐवजी पात्राला अडकू द्यावे.

किंमत ठरवताना नायिकेच्या नाकातून रक्त येणे किंवा तिला मूर्च्छा येणे यावर समाधान मानू नये, कारण ती किंमत एकटी तिची असते आणि दोन पानांत भरून निघते. खाडीच्या हिशेबात इथे पाणी चढले की कुठेतरी ते उतरलेले असते. मानसीने एक वस्तू वर बोलावली की त्या भरतीला खाडीच्या दुसऱ्या तोंडाशी लावलेली जाळी रिकामी येतात, आणि ती जाळी तिच्या मावशीची आहेत. सकाळी टोपली घेऊन बाजारात बसलेल्या मावशीच्या समोर केवळ दोन वाटे जवळा आहे, आणि तो का कमी आहे हे घरात एकट्या मानसीलाच ठाऊक आहे. यातून नायिका बलवान असणे म्हणजे काय, हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो. ज्या मुलीला शक्ती वापरण्यापूर्वी कोणाच्या ताटातले कमी होईल याचा विचार करावा लागतो, ती तलवार फिरवणाऱ्या मुलीपेक्षा लिहायला अवघड आणि वाचायला अधिक रंजक असते.

शक्तीच्या जोडीला अंगमेहनतीने मिळवलेले एक तरी कसब द्यावे. वल्हे मारणे, पाग फेकणे, चिखलात पाय न रुततील अशी चाल, यांपैकी काहीही चालेल. मात्र शेवटच्या संघर्षात शक्ती संपलेली असताना तेच कसब उपयोगी पडावे. पाग फेकताना जाळ्याचा एक भाग कोपरावर, एक दातांत आणि उरलेला हातात धरून कमरेतून झोका देतात, आणि मगच ते पाण्यावर गोल उघडते. हे लिहायचे तर एकदा सकाळी बंदरावर उभे राहून पाहून यावे. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून खाडीत बोटीनेही जाता येते, आणि तिवरांच्या भिंतीतून जाताना शहर किती लवकर दिसेनासे होते हे तिथे कळते.

देव, दगड आणि भुताळीचा आरोप

लोकपरंपरेतले साहित्य वापरताना दोन गोष्टींत भेद करावा: ज्यांची गोष्ट सांगितली जाते ते, आणि ज्यांची पूजा केली जाते ते. गिऱ्हा, झोटिंग, चकवा, हडळ हे कथेतले रहिवासी आहेत, त्यांना हवे तसे वळवता येते. विहिरी-तळ्यांच्या काठी शेंदूर लावून पुजल्या जाणाऱ्या साती आसरा, येऊरच्या जंगलालगतच्या पाड्यांवर पूजला जाणारा वाघोबा, वारल्यांची धान्यदेवी कणसरी, यांच्यावर माणसांची आजही श्रद्धा आहे. त्यांना खलनायक करू नये, नायिकेच्या हातातले शस्त्रही करू नये. नायिकेने वाघोबाला नवस बोलावा, त्याच्यावर रागवावे, त्याच्या दगडापाशी बसून रडावे, हे सारे चालेल. देवतेचा स्वभाव आणि पराक्रम स्वतःच रचायचा असेल, तर नावही नवे द्यावे. वारली लग्नांत धवलेरी, म्हणजे लग्न लावणाऱ्या स्त्रिया, जी गीते गातात ती पुस्तकातून उचलून नायिकेचा मंत्र म्हणून वापरण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा, आणि पाड्यावर जाऊन आधी विचारावे.

खऱ्या अर्थाने थरारक सामग्री दगडांत आहे. उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळात ठाणे हे श्रीस्थानक होते, आणि त्या काळातले जमिनीच्या दानाचे ‘गधेगाळ’ नावाचे कोरीव दगड कोकणात ठिकठिकाणी सापडले आहेत. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख, आणि खाली दान मोडणाऱ्याला दिलेला शाप चित्ररूपाने. तो शाप पुरुषाला आहे, पण चित्रात शिक्षा भोगते आहे ती त्याची आई. कुमारवयीन वाचकांसाठी लिहिताना त्या चित्राचे वर्णन करण्याची गरज नाही. नायिकेने एवढेच म्हणावे की, ‘जमीन यानं खाल्ली, मग हिला का?’ आणि त्या प्रश्नावर अख्खी कादंबरी उभी राहू शकते. शापातून त्या दगडातल्या बाईला सोडवणे हे अशा नायिकेचे काम. राज्याचा हरवलेला वारस शोधत हिंडण्यापेक्षा ते मला कितीतरी पटीने मोलाचे वाटते.

जमिनीचा हा धागा वर्तमानात आणण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई आखली गेली; १९८४ च्या जानेवारीत उरण परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले, आणि पुढे साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना आली. नायिकेच्या आजीने हे पाहिलेले असणार. तिने ते भाषणासारखे सांगू नये. जेवताना मध्येच एखादे वाक्य बोलून ती पुन्हा मासे निवडू लागली, तर ते वाचकाच्या अधिक लक्षात राहील.

शक्तिशाली मुलीची कथा या मुलखात लिहिताना एक जबाबदारी मात्र टाळता येत नाही. ठाणे-पालघरच्या आदिवासी भागात ‘भुताळी’, म्हणजे चेटकीण, ठरवून बायकांना मारहाण झाल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या घटना घडलेल्या आहेत, आणि महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला तो अशाच अनुभवांमुळे. नायिकेकडे खरोखरच शक्ती आहे असे दाखवणारी कथा नकळत त्या आरोपाला दुजोरा देऊ शकते. यावर उपाय असा की कथेतच या आरोपाला जागा द्यावी: जिच्याकडे काहीही शक्ती नाही अशी एखादी विधवा शेजारीण भुताळी ठरवली जाते, आणि जिच्याकडे ती आहे ती मानसी गप्प बसते. तिने तोंड उघडायचे की नाही हा कादंबरीचा मधला भाग होऊ शकतो. नायिकेची शक्ती दुसऱ्याचे वाईट चिंतून किंवा आजार पाडून काम करत नाही, हेही नियमांतच स्पष्ट असावे.

बोली आणि नावे

निवेदन प्रमाण मराठीत ठेवून संवादांत आगरी-कोळी बोली आणणे वाचकाला सोयीचे पडते. ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो, ‘मला’चे ‘मना’ होते, बायकांना ‘गो’ म्हणून हाक मारतात. ‘पानी आयलं गो’ एवढ्या एका वाक्यात आजी उभी राहते. प्रत्येक शब्द बोलीत लिहिण्याचा अट्टाहास मात्र करू नये, आणि लिहिलेले संवाद ती बोली घरात बोलणाऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला द्यावेत. मानसी घरात एक आणि वाशीच्या क्लासमध्ये दुसरी भाषा बोलेल. कोणत्या क्षणी ती विसरते आणि क्लासमध्येच ‘मना’ म्हणून जाते, हे टिपण्यासारखे आहे. नावाबद्दल एवढेच, की अद्भुतकथा आहे म्हणून तिला अग्निशिखा किंवा तेजोमयी करू नये. आजच्या कोळीवाड्यात मुलींची नावे मानसी, सानिका, श्रावणी अशी असतात.

मुखपृष्ठ

हस्तलिखित पूर्ण झाल्यावर ते तेरा ते सोळा वर्षांच्या मुलींना द्यावे, आणि ‘आवडले का’ असे न विचारता कुठे वाचणे थांबवले ते विचारावे. लांबी चाळीस ते पन्नास हजार शब्दांच्या आत ठेवणे मराठीत तरी शहाणपणाचे आहे. शाळा, क्लास आणि मोबाइल यांतून उरलेला वेळ तेवढाच असतो. जुन्या ठाणे जिल्ह्याचे तपशील पडताळायचे असतील तर १८८२ चे ठाणे गॅझेटियर चाळावे. १८९३ साली स्थापन झालेले ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय हेही अशा कामासाठी बसण्याचे उत्तम ठिकाण आहे.

प्रकाशकाशी बोलणी सुरू झाली की मुखपृष्ठाचा विषय लगेच काढावा, कारण नायिकेचा रंग सर्वात आधी तिथे बदलतो. अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विन यांनी १९६८ साली आपल्या मांत्रिक नायकाला तांबूस-तपकिरी रंगाचा केले होते, तरीही पुढे अनेक मुखपृष्ठांवर आणि २००४ च्या दूरचित्रवाणी मालिकेत तो गोरा झाला, आणि त्यावर त्यांनी जाहीरपणे नाराजी नोंदवली. २०१० च्या सुमारास अमेरिकेत सावळ्या नायिकेच्या एका अद्भुत कादंबरीवर गोऱ्या मुलीचा फोटो छापला गेला. वाचकांनी आरडाओरडा केल्यावर प्रकाशकाला ते मुखपृष्ठ मागे घेऊन नवे काढावे लागले. चित्रकाराला केवळ कथेचा सारांश पाठवू नये. नायिकेच्या रंगाचा नमुना म्हणून दोन-तीन छटा, ती कोणत्या प्रकाशात उभी आहे, तिच्या अंगावर काय आहे, भुवईतली खोक कोणत्या बाजूला आहे, हे लेखी द्यावे. करारात मुखपृष्ठ छपाईपूर्वी पाहण्याची अट घालून घ्यावी, आणि पडद्यावर पाहून होकार न देता एक छापील प्रत मागवावी, कारण पडद्यावर योग्य दिसणारा सावळा रंग कागदावर कधी राखाडी पडतो तर कधी आपसूक उजळतो.